हिंदी, तितो, हिंदी!

मी मुद्दाम किस्से गोळा करत नाही. पण महिन्यातून एका शनिवारी दुपारी चर्चच्या बेसमेंटमध्ये साठ-सत्तर फिलिपिनो मंडळींना सिनेमा दाखवायला लागलं, की किस्से तळलेल्या लसणाच्या वासासारखे कोटाला चिकटून घरी येतात!

मी रिटायर्ड इंजिनिअर, राहणार हॅलिफॅक्स, माणूस मराठी. माझा फिलिपिनो सिनेमाशी संबंध काय? तर प्रोजेक्टर. आमच्याच बिल्डिंगमधली लोर्ना नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करते. एकदा लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "तितो, तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे ना?"

तितो म्हणजे काका. मी "आहे" म्हणालो. त्या एका शब्दावर गेली पाच वर्षं मी ऑपरेटर आहे.

* * *

पहिल्याच शोला आमचे डॉक्टर देशमुख आणि रेखावहिनी यायला निघाले. वहिनींची अट एकच, सबटायटल्स हवीत. मी लोर्नाला फोन लावला.

"सबटायटल्स तुमच्याच भाषेत आहेत का गं?"

"हिंदी, तितो, हिंदी! इंग्लिश!"

हिंदी आणि इंग्लिश, दोन्ही! मी मोठ्या ऐटीत आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अकरा मराठी माणसं पुढच्या रांगेत येऊन बसली. अर्धा तास झाला तरी पडद्यावर नुसतं इंग्लिश. शेवटी देशमुख उठले आणि त्यांनी लोर्नाला गाठलं. "व्हेअर इज हिंदी?"

लोर्नाला आधी कळेना. मग कळलं, तेव्हा ती हसून हसून खुर्चीत बसली. त्यांच्या भाषेत 'हिंदी' म्हणजे 'नाही'!

देशमुख गंभीरपणे माझ्याकडे वळले. "म्हणजे मी शाळेत दोनदा 'नाही'त नापास झालो होतो तर!"

* * *

त्याच दिवशी रेखावहिनी बराच वेळ काहीतरी मोजत होत्या. हॉलमधला जो तो लोर्नाला 'आते' अशी हाक मारत होता. तिच्याहून लहान असलेले सगळे. मी सांगणार होतो, की त्यांच्यात मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. पण तेवढ्यात वहिनी कौतुकानं म्हणाल्याच,

"अहो, भाऊ तरी किती आहेत हिला?"

* * *

सिनेमा चारला असेल, तर साडेपाचला सुरू होतो. आधी जेवण. कुणीही दारातून आत आलं, की "जेवलात का?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर काहीही दिलं तरी हातात प्लेट. आमच्या मंडळाचे कार्यक्रमही उशिरा सुरू होतात, पण उपाशीपोटी. फरक आहे!

एकदा पाच राइस कुकर आणि माझा प्रोजेक्टर एकाच लाइनवर लागले. पडद्यावर नायिका खऱ्या बापाचं नाव सांगायला तोंड उघडते न उघडते तोच ब्रेकर ट्रिप झाला. मिट्ट काळोख! इलेक्ट्रिकचं पॅनेल ज्या खोलीत, तिची किल्ली फादरकडे, आणि फादर खाडीपलीकडे डार्टमथला.

फादर फेरीनं येईपर्यंत लोर्ना मोबाइलच्या उजेडात उभी राहिली आणि उरलेला सिनेमा तिनं स्वतःच करून दाखवला. नायिका तीच, बाप तीच, पावसाचा आवाजही तीच. लोक ढसाढसा रडले. मग लाइट आले, आणि आम्ही खरा शेवट बघितला.

सगळा हॉल नाराज. मागून एक आजी ओरडल्या, "ब्रेकर पाडा परत!"

* * *

आता हसता हसता राहून गेलेली एक गोष्ट सांगतो.

लोर्नाची मुलगी बेया तिकडे आजीपाशी वाढत होती. लोर्ना इकडे आली तेव्हा पोर दोन वर्षांची. आधी वर्क परमिट, मग पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी, मग मुलीचे कागद अशी वर्षं गेली. एका इंटरव्हलमध्ये बेयाचा व्हिडिओ कॉल आला आणि फोन हॉलभर फिरला. बेया शहाण्यासारखी प्रत्येकीला म्हणत होती, "हॅलो, तिता!" तिता म्हणजे मावशी, काकू, जे काय असेल ते. फोन फिरत फिरत लोर्नाकडे आला.

"हॅलो, तिता!"

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं लोर्ना हसली. मग किचनमध्ये जाऊन तिनं धुतलेला कुकर पुन्हा धुवायला घेतला. मी वायर शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

"आजीला ती 'नानाय को' म्हणते, तितो," ती नळ बंद न करता म्हणाली. "म्हणजे 'माझी आई'. ती जागा भरलेली आहे. इथं आल्यावरही ती मला तिताच म्हणाली तर?"

आयुष्यभर मशिनं दुरुस्त केली, पण त्या दिवशी नुसता वायर हातात घेऊन उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

* * *

गेल्या एप्रिलमध्ये बेया आली. नऊ वर्षांची, अंगात दोन साइझ मोठा पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट. एअरपोर्टवर ती लोर्नाला काहीच म्हणाली नाही. पुढचे दोन आठवडेही नाही. "ना तिता, ना काही," लोर्ना मला लिफ्टमध्ये म्हणाली. "मीठ हवं असलं तरी माझी बाही ओढते."

मग सिनेमाचा शनिवार आला. लोर्ना नूडल्स वाढत होती, बेया तिच्या ॲप्रनचं टोक धरून उभी. त्यांच्या रीतीप्रमाणे तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. मग रेखावहिनींचा.

वहिनी विरघळल्या! पाच वर्षांत शिकलेले चार शब्द वापरायची अशी संधी पुन्हा कुठे? त्या खाली वाकल्या, लोर्नाकडे बोट दाखवलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"तिता?"

मी डोळे मिटले. लोर्नाच्या हातातला डाव माझ्या प्लेटवर तसाच थांबला.

बेयाच्या तोंडात लुंपियाचा, म्हणजे त्यांच्या तळलेल्या स्प्रिंग रोलचा, घास होता. तिनं तो सावकाश चावून गिळला, पार्काच्या बाहीला तोंड पुसलं आणि वहिनींची चूक सुधारली.

"हिंदी," ती म्हणाली. "नानाय को."