पहिल्या रविवारचं वजन

बाईंच्या पायाला भिंगरी होती. पोषणशास्त्रज्ञ म्हणजे प्रयोगशाळेत बसून नळ्या हलवणारं माणूस, अशी कुणाची समजूत असेल तर त्याने एक दिवस त्यांच्यामागे फिरून बघावं. संध्याकाळी पाय चेपून घ्यावे लागतील. सव्वीस वर्षं त्या लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरत आल्या होत्या. लठ्ठ माणसं काय खातात, तेच का निवडतात, हे विचारायचं, डब्यांची झाकणं उघडून बघायची आणि शेवटी पिशवीतला वजनकाटा काढून फरशीवर ठेवायचा. पाहणीतल्या चारशे घरांत त्यांना ‘काट्याच्या बाई’ म्हणत. त्या गल्लीत दिसल्या रे दिसल्या की बिस्किटांचे पुडे उशीखाली जात, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

त्यांचं नाव झालं ते एका साध्या शोधामुळे. पहिल्या वर्षी त्या वजनाची तारीख आधी कळवत. आकडे इतके छान यायचे की वरिष्ठ खूश. मग एकदा त्या काम करत त्या संस्थेच्या ड्रायव्हरने सहज सांगितलं, की त्याची बायकोही त्यांच्या पाहणीत आहे, बाई येणार म्हटलं की दोन दिवस उपाशी राहते आणि बाईंची पाठ वळली की तिप्पट जेवते. बाईंनी तारीख सांगणं बंद केलं. न सांगता जाऊन थडकू लागल्या आणि निम्मे आकडे फिरले. त्यावर त्यांनी निबंध लिहिला, परिषदा गाजवल्या. कामावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्याच दिवशी बजावत, की तारीख सांगाल तर तारखेचं वजन मिळेल, माणसाचं नाही.

एक घर मात्र या नियमातून सुटलं होतं. थोरल्या बहिणीचं. आई गेल्यावर ताईनेच बाईंना वाढवलं, शिकवलं. ताई पहिल्यापासून अंगाने भरलेली, पुढे साखरेचा आजार जडला, रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकराच्या ठोक्याला बाई तिच्याकडे जात आणि काटा मांडत. पाच वर्षांत वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. जग सुधारलं नाही, निदान बहीण तरी सुधारली, असं त्या संस्थेत ज्याला त्याला सांगत आणि हसत.

मग ताई चक्कर येऊन पडायला लागली. तिसऱ्या खेपेला ती ओट्यापाशी बेशुद्ध पडलेली शेजारणीला दिसली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की या इंजेक्शन घेतात पण जेवत नाहीत असं दिसतंय, पुढच्या वेळी कुणी वेळेवर पोचलं नाही तर हाताबाहेर जाईल. काय खातात ते तुम्हीच काढून घ्या, म्हणाल्या, तुमचंच तर काम ते.

बाईंनी आपली सगळी विद्या पणाला लावली. मापासाठी कप दाखवले, चमचे दाखवले, एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. ताई दाद लागू देईना. दूध, फळं, भात, भाजी, सगळं कसं वेळच्या वेळी. बाई व्हरांड्यात येरझारा घालू लागल्या. नर्सने दोनदा बसायला सांगितलं तरी त्यांना बसवेना. ताईला चक्कर आल्याच्या तारखा लिहायच्या राहिल्या होत्या म्हणून त्यांनी डायरी काढली. तिन्ही शनिवार होते, तिन्ही पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशीचे. काल कामाला लागलेल्या पोरीनेही हे पाच मिनिटांत ओळखलं असतं.

“मी यायच्या आधी दोन दिवस खाणं बंद करायचीस ना?” त्यांनी आत जाऊन विचारलं.

ताई बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिली. “आकडा वाढलेला दिसला की तुझं तोंड कसं व्हायचं, ते तुला माहीत नाही. लहानपणी नापास झालीस तेव्हा झालं होतं तसं. मला नाही बघवत ते.”

बाई तिच्यासमोरच रडल्या. काटा संस्थेच्या कपाटात टाकला, तसं ताईला फोनवर दोनदा सांगितलं, तरी महिनाभर त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी त्या रिकाम्या हातांनी गेल्या. ताईने दार उघडलं ते अनवाणीच. वजनाच्या वेळी ती घरात घालायच्या चपला काढून ठेवायची.

“खरंच नाही आणलास?” तिने विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. इंजेक्शन आठलाच घेतलं होतं, आणि पोटात काल दुपारपासून काही नव्हतं.

बाईंनी धावतपळत साखर घातलेलं दूध आणि केळं तिच्यापुढे ठेवलं. ताई नुसती बघत बसली.

“तू जा, मग घेते.”

“ताई, आत्ता घे. पडशील.”

“तुझ्यासमोर नाही गं जात घशाखाली.”

बाहेर जावं तर ही पडेल, थांबावं तर ही खायची नाही. बाईंनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून मांडली आणि बसल्या. मागे काहीच आवाज नव्हता. वळून बघायला त्यांचा जीव तडफडत होता. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. बऱ्याच वेळाने पेला उचलल्याचं ऐकू आलं. सवयीने त्या घोट मोजू लागल्या, तिसऱ्या घोटाला थांबल्या. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा किती प्यायलीस, असं त्यांनी विचारलं नाही.