घड्याळाला मारलेली थाप

चौकातल्या केशकर्तनालयाच्या मालकाला अर्ध्या गल्लीची खरी वयं ठाऊक होती, कारण त्यांच्या केसांना कलप तोच लावायचा. ही गुपितं त्यानं कधी फोडली नाहीत. स्वतःचं वय तर तो स्वतःलाही सांगत नसे. सायकल क्लबात नाव घालताना त्यानं सरळ बारा वर्षं उडवली आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळालाही तीच थाप मारली. कापायची हाताला सवयच आहे, असं त्यानं मनाला समजावलं.

गेल्या वर्षी घाटाच्या फेरीत त्याचा दम अर्ध्यावरच उखडला आणि मागून येणाऱ्या टेम्पोत, सायकलीसकट, पाण्याच्या पिंपाशेजारी बसून तो वर पोहोचला. यंदा स्वतःच्या पायांनी चढायचं, नाहीतर सायकल विकायची, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं. तिनं लगेच गिऱ्हाईक शोधायला घेतलं.

सराव त्यानं मन लावून केला. क्लबच्या प्रशिक्षकानं बजावलं होतं, बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकंच सावकाश चालवा. तशा चालवण्यानंच हृदय आणि पाय प्राणवायू नीट वापरायला शिकतात. जीव तोडून चालवायचं ते एखाद्याच दिवशी. घड्याळ रोज हिरवा रंग दाखवायचं, म्हणजे सावकाश. हा मात्र घामाघूम होऊन जिन्यातच बसकण मारायचा. महिने गेले तरी दम वाढेना, तेव्हा आपण मुळातच भंगार माल आहोत, असं त्यानं ठरवून टाकलं.

शेवटी फिजिओथेरपिस्ट असलेली त्याची मुलगी एका सकाळी बरोबर निघाली. सपाट रस्त्यावर तिनं त्याला चालवता चालवता घरचा पत्ता सांगायला लावला. दिवसभर खुर्चीतल्या माणसाचं डोकं खाणारा हा गडी धाप लागून घराच्या नंबरापाशीच अडकला. घड्याळ हिरवंच होतं. तिनं ते काढून घेतलं, दोन बटणं दाबली आणि त्यातलं वय बघतच राहिली.

"बाबा, या हिशेबानं मी झाले तेव्हा तुम्ही शाळेत होता."

मग तिनं समजावलं. हृदय जास्तीत जास्त किती धडधडेल, याचा अंदाज घड्याळ वयावरून बांधतं. वय कमी सांगितलं की अंदाज वर जातो आणि जोरात चालवलेलंही त्याला सावकाश वाटतं. बाबांचं चालवणं रोज ना धड हलकं होत होतं, ना धड जोराचं.

घड्याळ क्लबच्या यादीला जोडलेलं होतं. खरं वय घातलं की तो पन्नाशीपुढच्या गटात, आपल्याच गिऱ्हाइकांच्या घोळक्यात जाऊन पडणार. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण टेम्पोची आठवण त्याहून वाईट होती. त्यानं वय बदललं.

फेरीच्या दिवशी तो इतका सावकाश चढला की त्याचं त्यालाच हसू येत होतं. टेम्पोत चढावं लागलं होतं ते वळण आलं, तेव्हा शेजारून मुलीनं पत्ता विचारला. त्यानं घर, मजला, समोरच्या दवाखान्याची खूण, सगळं सांगितलं, आणि श्वास उरला म्हणून कोणी न विचारताच वयही सांगितलं. खरं आणि मोठ्यानं.

पुढे चाललेल्या, बँकेतल्या काळ्याभोर केसांच्या साहेबांनी दचकून मागे पाहिलं.

"माझं सांगितलं, साहेब," तो म्हणाला. "तुमचं नाही सांगत."

टेम्पो मागून रिकामाच वर आला.