बनातीचं अंगडं

“पोराले दूधआई पाह्यली हाये. सुनेले आमी मायेरी धाडून राहिलो,” असं येसूबाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या नातवाच्या कोपराच्या घडीत मलम लावत होतो. सून गंगा शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मी त्या वेळी अकोल्याच्या एका डिस्पेन्सरीत नेटिव्ह डॉक्टर होतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला आमचा कापूस हवा होता, आणि मोर्णेकाठच्या जुन्या शहरात कालचे शेतकरी आज आडते होऊन बसले होते. येसूबाईंचा मुलगा त्यातलाच एक.

नातू किसना वर्षाचा. त्याला इसब होता. काही मुलांची कातडी जात्याच लवकर कोरडी पडते, मग खाजते. खाजवलं की लाल होते, चिघळते. मलमानं इसब बसतो, पुन्हा उठतो. माझ्या वरच्या सर्जनसाहेबांना विचारलं तर म्हणाले, “ऑइंटमेंट रिपीट करा.” रिपीट हे साहेबांचं रामबाण औषध होतं.

येसूबाईंना मात्र कारण सापडलं होतं: सुनेचं दूध. तिला आधीच कोरड्या भाकरीवर ठेवलं होतं. आता लेकराला सोडून जायचं होतं. मला संताप आला, पण संतापून सासवा ऐकत नाहीत. मी गंगेला विचारलं, इसब कधी आपोआप बसला होता का?

ती हळूच म्हणाली, दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा अंग साफ झालं होतं.

“मायेरचं पाणी मानवलं असंन,” येसूबाई म्हणाल्या.

“पाणी बदललं असंन, पण दूध तर तिथंबी हिचंच होतं नं?” मी म्हणालो.

सकाळी आंघोळीच्या वेळी तुमच्या घरी येतो, असं मी सांगून टाकलं.

सकाळी गेलो तर अंगणात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. आत किसनाला कढत पाण्यानं, डाळीचं पीठ लावून खसखसा चोळणं चाललं होतं. अंग कोरडंठक्क पुसलं आणि वर चढवलं मुंबईहून मागवलेलं बनातीचं अंगडं. बनात म्हणजे जाड लोकरीचं कापड. पोर लगेच कोपर खाजवू लागलं.

माहेरी काय घालत होतीस, मी गंगेला विचारलं. ती ओशाळली. म्हणाली, आईच्या लुगड्याचं जुनेर.

जुनेर म्हणजे वापरून, धुऊन मऊ झालेलं कापड. आपल्याकडे तान्ह्या मुलाला पूर्वापार तेच घालतात. पण घरात पैसा आला आणि या घराला जुनेराची लाज वाटू लागली.

“सारी विलायत तुमचा कापूस नेऊन राह्यली,” मी म्हणालो, “अन् तुमच्याच नातवाच्या अंगावर कापूस नाई.”

“जुनेर घालू? लोक काय म्हणतीन?”

“संक्रांतीपावतर घाला. तोवर सुनेले धाडू नका, अन् तिले पोटभर जेवू द्या.”

बाकीचंही सांगितलं. पाणी कोमट. पीठ बंद. अंग टिपून, ओलसर असतानाच तेल. नखं कापलेली. मलम फक्त लाल जागेवर. त्या कबूल झाल्या. मला मात्र धास्ती होती, कारण इसब कुणाच्या शब्दाला बांधलेला नसतो, आणि इथे एका आईचं लेकरू माझ्या शब्दावर अडकलं होतं.

संक्रांतीला येसूबाई तिळगूळ घेऊन आल्या. किसनाची कोपरं स्वच्छ होती. दूधआईला नारळ देऊन परत पाठवल्याचं त्यांनी असं सांगितलं, जणू तिला आणायची कल्पना शेजारणीची होती. मला इतका आनंद झाला की साहेबांसमोरच मी तिळगूळ तोंडात टाकला.

हा इसब मुळासकट उपटता येत नाही. तो सांभाळायचा असतो, आणि पुष्कळ मुलांत वयाबरोबर कमी होत जातो. हे मी त्यांना बजावलं होतं, पण बजावलेलं लक्षात राहील याचा भरवसा नव्हता. पुढच्या थंडीत किसनाच्या गुडघ्यामागे पुन्हा लाल चट्टा उठला. येसूबाई त्याला कडेवर घेऊन आल्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, “सुनेचा काई दोष नाई बरं, डाक्तर. थंडी पडून राह्यली.”

मलम मी दिलंच. पण त्या घरातलं खरं दुखणं तेवढ्या वाक्यात बरं झालं होतं.