मोरचुदातला थेंब

थेंब तरंगत राहिला.

मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तो असा निवांत लोंबकळत होता, की कामाचं भान क्षणभर सुटलं. खरं तर तो बुडायला हवा होता. आमच्या रक्तपेढीत रक्तदात्याची ही पहिली टेस्ट. लाल पेशी म्हणजे कणकेच्या गोळ्याला दोन्हीकडून अंगठा दाबावा तशी. आत केंद्रकसुद्धा नाही. सगळी जागा हिमोग्लोबिनला, म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या लोहाच्या द्रव्याला दिलेली. ते भरपूर असलं की थेंब जड होतो, तळाशी जातो.

"जमणार नाही, मावशी."

जमुनाबाई मानोरा गावाजवळच्या तांड्यावरच्या. उद्या सुनेचं सीझर. तिचा गट दुर्मीळ, आमच्याकडे एकच पिशवी. सासूचा गट नेमका तोच, म्हणून त्या रक्त द्यायला आलेल्या.

"काहून?"

"थेंब तरंगला. रक्त कमी आहे."

"हे तं मोरचूद व्हय. संत्र्यावर मारतो आमी. त्याले काय समजते माह्या रक्तातलं?"

डॉक्टर मॅडम डोकावल्या. "दुसरा डोनर?"

"नाही, मॅडम."

जमुनाबाई बोट न्याहाळत होत्या. "भाऊ, घरी म्हैस हाय काय?"

"नाही."

"म्हून. पान्हवल्याबिगर सड ओढून राह्यले तुमी. म्हशीनं लाथ घातली असती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बोट पिळलंत?"

पिळलं होतं. ऊस तोडून त्यांच्या बोटांची कातडी जाड झालेली. सुई टोचली तरी रक्त येईना, म्हणून मी जोर लावला. पिळलं की रक्तात मांसातलं पाणी मिसळतं, थेंब हलका होतो. हे मला माहीत होतं, फक्त वेळेवर आठवलं नाही.

जमुनाबाईंनी तळहात चोळले, हात खाली सोडला, डोळे मिटून काहीतरी गुणगुणू लागल्या. म्हशीपुढे गुणगुणत असतील तेच बहुतेक. खिडकीतून ऊन आलं होतं. मलाही पेंग यायला लागली.

या वेळी दुसऱ्या बोटाला, कडेला टोचलं. थेंब आपणहून वर आला, टपोरा. निळ्या पाण्यात पडला, थबकला, मग संध्याकाळी बगळा शेतात उतरावा तसा सावकाश खाली गेला. मीही त्याच्यासोबत तळापर्यंत गेलो.

"झोपले काय, भाऊ?"

"पास, मावशी."

दुसऱ्या दिवशी सीझरमध्ये दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली. सून वाचली.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "लिंबूही तुम्हाला धड पिळता येत नाही, त्यांचं बोट काय पिळायला गेलात?"

बोट पिळू नये, हे आमच्या पुस्तकातही होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क मिळाले होते.