रेफरीआबा आणि सूरजची अकरा मिनिटं

माणसाचा देश त्याच्या काळजात असतो, कागदावर नसतो. हे वाक्य माझं आहे. सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात, दीडेकशे माणसांसमोर, आवाज जरा खाली आणून मी ते उच्चारलं होतं. प्रसंग माझ्या मुलीच्या सत्काराचा होता. तिला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं म्हणून आमच्या तालुका मंडळानं शाल, नारळ आणि फेटा ठेवला होता. ती आली नव्हती, त्यामुळे फेटा मीच बांधून घेतला. वाक्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले रेफरीआबा मात्र उठले, शर्टाच्या वरच्या खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांनी हात उंच केला आणि ते मला दाखवलं. माझ्या विचारांशी त्यांचं भांडण नव्हतं. मला दिलेली आठ मिनिटं संपली होती.

आबा विट्याकडचे. पलटणीत असताना फुटबॉल शिकले, गुडघा गेल्यावर पंच झाले, आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन सांगलीत राहिले तेव्हा पेन्शनबरोबर शिट्टी आणि दोन कार्डं घेऊन आले. ती त्यांनी मैदानापुरती ठेवली नाहीत. वळण न दाखवता वळणाऱ्या रिक्षाला पिवळं. पंगतीत ‘नको नको’ म्हणत चौथी जिलेबी घेणाऱ्या जावयाला पिवळं. लाल कार्ड त्यांनी मैदानाबाहेर एकदाच काढलं, ते सख्ख्या भावाला, बांधाच्या वादात त्यानं मोजणीचा दगड हलवला तेव्हा. भाऊ पुढं दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. आबा म्हणायचे, ‘‘बरूबर हाय. लाल कार्ड मिळाल्यावर बोलायचं नसतंच.’’ कुणी तावातावानं काही सांगू लागलं की त्यांचं एकच ठरलेलं असे, ‘‘नियम दाखवा, मंग बोला.’’

हा माणूस नियमानं कोरडा झालेला असावा, असा पहिल्या भेटीत माझा समज झाला होता. तो एका पेनल्टीनं मोडला. म्हसवडजवळच्या एका गावात जत्रेच्या सामन्यात आबांनी पाहुण्या संघाला पेनल्टी दिली आणि यजमान गाव हरलं. घरी येऊन त्यांनी कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण पाहिलं. चेंडू हाताला नव्हे, बरगडीला लागला होता. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं त्या गावाला गेले. देवळासमोर बसलेल्या माणसांपुढं उभे राहून म्हणाले, ‘‘काल माझी चूक झाली. निकाल बदलत न्हाई. पर चूक माझी हाय, तुमच्या पोराची न्हवं.’’ गावानं त्यांना मारायच्या ऐवजी जेवायला घातलं. ‘‘भाकरी घशाखाली उतरंना,’’ आबा नंतर सांगत, ‘‘वांग्याची भाजी लय ब्येस होती तरी.’’

माझा फुटबॉलशी संबंध पत्रव्यवहारापुरता. मी महाविद्यालयात भाषा शिकवत होतो, इंग्रजीत अर्ज नीट लिहीत होतो, एवढ्या पात्रतेवर जिल्ह्याच्या निवड समितीत होतो. आबा दर रविवारी सकाळी नियमांची छापील पानं घेऊन माझ्याकडे येत. मी मराठीत सांगे, ते दोनशेपानी वहीत उतरवून घेत. राष्ट्रीय संघाकडून कोण खेळू शकतो, या प्रकरणानं आम्हाला तीन रविवार घेतले. ज्याला दोन देश लागू होतात अशा खेळाडूंचा भाग तर आबांनी दोनदा वाचून घेतला. शेवटी वही मिटून त्यांनी मलाच शिकवलं.

‘‘सोपं हाय, सर. पैलं, त्या देशाचं नागरिकत्व पायजे. त्ये नसंल तर बाकी सगळी चर्चा फुकट. नागरिकत्व नवं घेतलं असंल तर नातं दाखवायचं. जन्म तिथला, न्हाईतर आईबा तिथलं, न्हाईतर आजाआजी. त्येबी नसंल तर थोरला झाल्यावर पाच वर्सं तिथं ऱ्हायला पायजे. आन् मोठ्या संघाकडनं खरी स्पर्धा खेळला, की त्याच घरचा झाला. दुसऱ्या घरी जाणं लय अवघड.’’

‘‘सोयरीक जुळवल्यासारखं झालं,’’ मी म्हणालो.

‘‘सोयरीक नियमानं जुळवत्यात व्हय? नियमानं जुळवली असती तर तुमाला कुनी पोरगी दिली असती?’’

हे प्रकरण त्यांना इतकं का हवं होतं, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुठं कुठं गेली आहेत. आबांच्या शेजारच्या घरातला एक जण नेपाळात गेला, तिथल्याच बाईशी लग्न केलं. त्यांचा मुलगा सूरज. तो आठ वर्षांचा असताना चुलत्याकडे सांगलीत शिकायला आला, आणि चेहरा आईचा असल्यामुळे पहिल्याच दिवशी शाळेत ‘नेपाळ्या’ झाला. सुट्टीत तिकडे गेला की तिकडची पोरं त्याला ‘इंडियन’ म्हणत. त्याची इथली बोली आमच्यापेक्षा अस्सल होती. आबांनी त्याला बचावात उभं केलं आणि नऊ वर्षं घडवलं. ‘‘गडी मागं हुबा ऱ्हायला की मी डोळं झाकून शिट्टी वाजवतो,’’ ते म्हणत. अर्थात हे बोलण्यापुरतं; सूरज खेळत असलेल्या सामन्यात ते कधीच पंच म्हणून उभे राहिले नाहीत. आपल्या माणसाच्या सामन्यात शिट्टी हातात घ्यायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. सूरजनं भारताकडून खेळावं, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्यात मनात धरलं होतं, आणि त्याची पहिली पायरी होती जिल्ह्याचा संघ.

निवडीच्या दिवशी सूरज मैदानावरचा सर्वांत चांगला बचावपटू होता, हे मलासुद्धा कळलं. समितीतल्या एकानं हळूच विचारलं, ‘‘हा आपला आहे का?’’ दुसरा म्हणाला, ‘‘जन्म नेपाळचा आहे म्हणे. उद्या तक्रार झाली तर?’’ मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तक्रारीला उत्तर मला लिहावं लागलं असतं. मी सूरजला बोलावून म्हणालो, ‘‘डोमिसाइल आणून दे. शंका नको.’’

आबा सीमारेषेवरून चालत आले. ‘‘सर, पोराचा बाप भारतीय, पोराचा पासपोर्ट भारतीय. डोमिसाइल कुटल्या नियमात हाय? दाखवा.’’

‘‘नियमात नाही, आबा. खबरदारी म्हणून.’’

‘‘बाकीच्या सतरा पोरांकडं मागितला?’’

‘‘त्यांचा जन्म इथला आहे.’’

‘‘तुमचा कुटला?’’

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मी थोरला, त्यामुळे माझा जन्म आजोळी, औंधला, म्हणजे सातारा जिल्ह्यात.

‘‘थोरली पोरं सगळी आजोळात जल्मत्यात,’’ आबा म्हणाले. ‘‘मंग समदी आजोळच्या टीममदी घालायची का? तुमी सांगलीच्या समितीत कसं काय बसलाय?’’

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, ‘‘ते वेगळं.’’

डोमिसाइलला महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. सूरजची नऊच झाली होती. दाखला मिळणं शक्य नव्हतं, आणि संघ त्याच्याशिवाय जाहीर झाला. पंधरा वर्षांची अट मला तेव्हा माहीत नव्हती, असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे. माझ्या मुलीचा दाखला मीच काढला होता.

वर्षभरात सूरजच्या मामानं नेपाळच्या संघाच्या निवड शिबिरात त्याचं नाव घातलं आणि त्यांनी बोलावलं. सूरज आबांकडे आला तेव्हा मी तिथंच होतो, रविवार असल्यामुळे. आबांनी वही उघडली आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. आई तिथली, जन्म तिथला, म्हणजे नातं पक्कं. पण कागद एकच ठेवता येतो. तिथलं नागरिकत्व घेतलं की इथलं सोडायचं.

‘‘आन् स्पर्धेची मॅच खेळलास, की परतीचा रस्ता जवळजवळ बंद.’’

‘‘मंग काय करू, आबा?’’

आबांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. मग म्हणाले, ‘‘ह्यात त्येवढं लिवलेलं न्हाई.’’

सूरजनं माझ्याकडे पाहिलं. माझा तेव्हाही समितीत शब्द चालत होता. एक पत्र लिहिलं असतं, चूक आमची होती एवढं कबूल केलं असतं, तर पुढच्या निवडीत तो उभा राहू शकला असता. मी चहाचा कप बशीत नीट ठेवला आणि म्हणालो, ‘‘संधी आहे, सोडू नकोस.’’ हा सल्ला होता असं त्याला वाटलं. तो माझ्या पाया पडला.

पुढं दोन वर्षांनी एका स्पर्धेत नेपाळ आणि भारत समोरासमोर आले. सूरज बदली खेळाडू म्हणून शेवटची अकरा मिनिटं मैदानात होता. त्यानं चेंडू चार-पाच वेळा बाहेर मारला. सामना बरोबरीत सुटला. पण सामन्याआधी नेपाळच्या राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे ओठ हलताना दिसत होते, आणि तेवढाच तुकडा विटा, आटपाडी, सांगली असा मोबाइलवरून फिरला. आमचं मीठ खाल्लं, आमच्या मैदानावर शिकला, अशी सुरुवात झाली. त्याला आम्ही मैदानावरून घरी पाठवलं होतं, हे कुणाला आठवलं नाही. ज्यांना आठवायला हवं होतं ते तीन होते, आणि तिघंही सभेला हजर होते.

सभा तालुका मंडळाची. निषेधाचा ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं. मी ‘मातृभूमीशी प्रतारणा’ असे शब्द वापरले. वाचून झाल्यावर आबा उठले. मला वाटलं, कार्ड येणार. कार्ड आलं नाही.

‘‘त्येनं कुटला नियम मोडला, त्येवढं सांगा.’’

‘‘आबा, हा नियमांचा प्रश्न नाही. भावनेचा आहे.’’

‘‘तुमच्या लेकीचा कागद बदलला तवा ह्याच मंडळानं फेटा बांधला. तवाची भावना कंची हुती?’’

सभागृहात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, ‘‘आबा, वेळ संपली.’’ आबांची दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि वेळ मोजणारा माणूस त्या सभागृहात तेच होते. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून खाली बसले. ठराव मंजूर झाला.

बाहेर मी स्कूटर काढत होतो तेव्हा ते जवळ आले. ‘‘सर, डोमिसाइल कुनी मागितला, त्ये ठरावात न्हाई आलं.’’

‘‘आता ते काढून काय उपयोग, आबा?’’

‘‘निकाल बदलत न्हाई,’’ ते म्हणाले, आणि पुढचं काही न बोलता स्टँडकडे चालू लागले. चारचौघांत ते सांगू शकत होते. त्यांनी ते शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काहीतरी उत्तर तयार केलं असतं. रविवारी ते यायचे थांबले. मी एकदा निरोप पाठवला, नवीन नियम आलेत म्हणून. ‘‘हायती तेवढं पुरं झालं,’’ असा उलट निरोप आला.

गेल्या वर्षी आबा गेले. सूरज तिकडून आला. रक्षाविसर्जनाला कृष्णेच्या घाटावर तो आबांच्या मुलांच्या बरोबरीनं पाण्यात उभा होता. नंतर मंडळाची शोकसभा झाली. तीच माणसं त्याच्याबरोबर फोटो काढत होती, आणि अध्यक्षांनी त्याची ओळख ‘आपल्या मातीतला आंतरराष्ट्रीय खेळाडू’ अशी करून दिली. मी त्याच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो. त्यानं मला बोलूच दिलं नाही. स्वतःची खुर्ची पुढं केली आणि म्हणाला, ‘‘बसा, सर. गुडघं दुखत असत्याल.’’ मी बसलो.

शोकठरावही मीच लिहिला. त्यात सूरजचा उल्लेख अभिमानानं केला आहे. नंतर कार्यकारिणीपुढं मी जुना निषेधाचा ठराव मागे घ्यावा असं सुचवलं, आणि डोमिसाइल मी मागितला होता हेही सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. एकानं घटना उघडून पाहिली. मंजूर झालेला ठराव मागे घेण्याची तरतूद तिच्यात नाही. मंडळाची घटना मी लिहिली आहे.