दाराशी ये

सकाळी आठला घंटागाडी गल्लीत शिरते आणि भोंग्यावर ‘दाराशी ये’ हे जुनं गाणं सुरू होतं. चाल तीच, पुढचे शब्द काढून तिथे ओला कचरा, सुका कचरा घातला आहे. ऐकताना मला शिसारी येते.

हे गाणं सुमनचं होतं, माझ्या बायकोचं. माझी बदली लांबच्या गावी झाली होती तेव्हा पोळ्या लाटताना ती ते गुणगुणायची. त्या काळी घरोघरी कोणी ना कोणी नोकरीसाठी दूर असायचं. रेडिओवर हे गाणं लागलं की चाळीतल्या बायकांचे हात थांबायचे. खरं तर शब्द साधेच होते. त्यातलं वाट पाहणं ऐकणाऱ्यांनी आपल्या घरून आणलेलं होतं. आता याच ओळीवर माणसं खरकटं घेऊन धावतात.

“काका, तुमचं गाणं आलं! बादली आणा,” समोरची मीनल रोज हसत ओरडते. तिने ते दुसरीकडे कुठे ऐकलेलंच नाही. तिचा काय दोष? तरी मला तिचा राग येतो.

परवा सुमनचं वर्षश्राद्ध झालं. दुपारी पाहुणे गेल्यावर मी तिच्या आवाजातली कॅसेट लावली. आधी खरखर, मग तिचं खाकरणं, मग ‘दाराशी ये’. मी डोळे मिटून बसलो होतो. दुसरी ओळ आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो, आणि माझ्या हातात कचऱ्याची बादली होती.