तोंड पाहण्याआधी

माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममधलं बाळंतपणाचं पान मला तोंडपाठ होतं. नॉर्मलला पस्तीस हजार, सिझरला पन्नास, त्यावर एक छदाम नाही. वरचे पैसे आम्ही नवरा-बायकोने आठ महिने बाजूला टाकले होते. आचोळ्याच्या आमच्या वन बीएचकेत त्यापायी एसी आला नाही. माझा हट्ट एकच, माहेरी चांदीपला बाबांकडून पैसा घ्यायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा रिवाज मला मान्य होता तो आईच्या हातच्या डिंकाच्या लाडवांपुरता.

एवढी मी शहाणी, आणि चुकले कुठे, तर एका चौकटीत. सातव्या महिन्यात ऑफिसातून फॉर्म आला. थोडे जादा पैसे भरले तर बाळालाही पहिल्या दिवसापासून विमा मिळणार होता, नाहीतर तीन महिन्यांनंतर. नुसती एक खूण करायची होती. मी तेव्हा माहेरी होते. आई शेजारी बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "जल्माच्या आदी कागदावर घेऊ नये गं. आमी झबलंसुद्दा शिवत नाय."

मी हसले. "काय हा अडाणीपणा, आई," असंही म्हणाले. आणि खूण न करताच फॉर्म पाठवून दिला. कुणी विचारलं की विसरले म्हणते. विसरले नव्हते, घाबरले होते.

मुलगी महिनाभर आधीच आली. विरारच्या एका खासगी हॉस्पिटलात सिझर झालं. माझं बिल विम्यात आणि आमच्या शिलकीत कसंबसं बसत होतं. पण तिला श्वास नीट घेता येत नव्हता, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहाएक दिवस लागतील. दुसरीकडे हलवा असं आज तरी मी म्हणणार नाही." पेटीचं एका दिवसाचं भाडं माझ्या आठवड्याच्या पगाराएवढं होतं आणि दर तीन दिवसांनी पुढचे पैसे आधी भरायचे होते.

नवरा काउंटरवर जाऊन आला. "बाळ पॉलिसीत नाहीये म्हणतायत. तू अ‍ॅड केलं होतंस ना?"

मी भिंतीकडे पाहिलं. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पहिला हप्ता शिलकीतून गेला. दुसऱ्यासाठी तो बाहेर जाऊन एकेकाला फोन करत राहिला, ऑफिसात उचल मागत राहिला.

तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत जेवढी जागा, तेवढी ती. छातीची कातडी आत जायची, बाहेर यायची, आणि दर वेळी वाटायचं, आता बस. पण ती पुन्हा श्वास घ्यायचीच. मी देवाधर्माची बाई नाही, तरी माझे हात जोडले गेले. कुणाला, ते मला आजही सांगता येणार नाही. इतका लहान जीव इतकं मोठं काम एकट्याने करत होता, आणि मी तिची आई, मला एक खूण करता आली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या गावच्या बायका आल्या. रोज सकाळी त्या टेम्पोने भाजी आणि मोगरा घेऊन विरारच्या बाजारात येतात. आमची पैशांची ओढाताण गावात कळली होती, म्हणून त्या दिवशी माल विकून तशाच हॉस्पिटलात आल्या. वॉचमन एका वेळी एकीपेक्षा जास्त जणींना वर सोडेना, म्हणून बाकीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन जिन्यावर बसल्या.

पहिली आली आमच्या शेजारची काकू. शेताच्या बांधावरून तिचं आणि बाबांचं वाकडं होतं, कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"दाव तुजी पोर," ती म्हणाली.

"काकू, आत नाही सोडत कुणाला. पेटीत आहे ती."

आमच्याकडे बाळाचं तोंड पाहिलं की त्याच्या मुठीत पैसे ठेवतात. तोंड आधी, पैसे मग. काकूने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सगळ्या नोटा माझ्या उशीखाली सारल्या.

"अहो काकू, तुम्ही तर तिचं तोंडही पाहिलं नाही!"

"पाहीन नंतर. ती कुटं चालली?"

"नको. आमचं आम्ही बघू," मी म्हणाले. तशा अवस्थेतही माझा ताठा गेला नव्हता.

"तुला कोन देतंय?" काकू म्हणाली. "मी पोरीला देते."

मग एकेक बाई येत गेली, उशी उचलून पैसे ठेवत गेली. दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या, क्वचित पाचशेची. सगळ्या नोटा ओलसर, मोगऱ्याचा वास असलेल्या. त्या बायकांची दिवसभराची विक्री होती ती. मी रडत होते आणि टाके ओढले जात होते. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. नवऱ्याने त्या नोटा पिशवीत भरून काउंटरवर नेल्या आणि दुसरा हप्ता भरून आला. पुढचे हप्ते आणि माझ्या बिलाची बाकी त्याच्या ऑफिसच्या उचलीतून गेली.

अकराव्या दिवशी मुलगी पेटीतून बाहेर आली आणि आम्ही तिला चांदीपला नेलं. रिक्षा दारात थांबते न थांबते तोच काकू बांध ओलांडून आमच्या अंगणात उभी. बाबा आधी गोंधळले, मग स्वतः आत जाऊन तिच्यासाठी पाट घेऊन आले.

"पैशे कवाच दिलेत," काकू म्हणाली. "आता तोंड दाव."

मी दुपट्याचं टोक बाजूला केलं. काकूने वाकून तिचं तोंड पाहिलं. सवयीने तिचा हात कनवटीला गेला, मग तिथून परत आला, आणि मुलीच्या इवल्या मुठीत तिने आपलं मातीने चिरलेलं बोट ठेवलं.

मागे अंगणभर बायका उभ्या होत्या. कुणीही पैसे काढले नाहीत. एकेकीने पुढे येऊन बोट दिलं, आणि माझ्या मुलीने प्रत्येकीचं धरलं.